शाईपेन फक्त सहीपुरतं नाही

"शाईपेन? ते आता सहीपुरतं!" जळगावात हे वाक्य मी बँकेतल्या साहेबांकडून ऐकलं, प्राध्यापकांकडून ऐकलं, आणि उभी हयात पोरांच्या वह्या तपासण्यात घालवलेल्या हेडमास्तरांकडूनही ऐकलं. धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका स्टेशनरीवाल्याने तर अहिराणीत एका फटक्यात निकाल लावला, "आते शाईना पेन कोन वापरस भो?" आणि लगेच काचेच्या कपाटातून मखमली डबी काढून पुढे सरकवली. निरोपसमारंभाला द्यायचं असेल तर हे न्या, म्हणाला. म्हणजे वापरायला कोणी घेत नाही, पण दुसऱ्याला द्यायला सगळे घेतात. ज्याला मिळतं तो ते डबीसकट कपाटात ठेवतो आणि खिशाला पाच रुपयांचं बॉलपेन लावून फिरतो.

या मंडळींचं म्हणणं नीट मांडून घेऊ, नाहीतर आमची बाजू ऐकलीच नाही म्हणतील. खान्देशच्या उन्हात शाईपेन गळतं आणि शर्टाची वाट लावतं. चांगलं घ्यायचं तर हजारो रुपये मोजा, स्वस्तातलं घ्याल तर तो कचरा. शाई पाण्याने पुसली जाते, म्हणजे कामाच्या कागदांना ती नालायक. हल्लीच्या वह्यांवर ती फुटते. भरा, धुवा, पुसा, एवढा वेळ कोणाला आहे? थोडक्यात, हा रिकामटेकड्यांचा शौक. आणि एवढ्यानेही समोरचा गप्प बसला नाही तर हुकमाचा एक्का: हल्ली हाताने लिहितंच कोण? गंमत अशी, की हे सगळं अधिकारवाणीने सांगणाऱ्या माणसाने गेल्या वीस वर्षांत शाईपेनने एक ओळही लिहिलेली नसते.

उन्हापासून सुरुवात करू, कारण ती सबब सगळ्यांत मोठ्या आवाजात सांगितली जाते. जळगाव-भुसावळचा मे महिना काय असतो हे आम्हाला कोणी सांगायला नको. पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा उन्हात पेन गळतं का? गळतं. पण का गळतं, हे विचारावंसं कोणालाच वाटत नाही. नळीतली शाई संपत जाते तशी तिची जागा हवा घेते. तापल्यावर शाई फारशी फुगत नाही, हवा फुगते. एसीत २४ अंशांवर असलेलं पेन घेऊन तुम्ही ४५ अंशांत बाहेर पडलात आणि पेनही तितकंच तापलं, तर आतली हवा साधारण सात टक्के वाढते. पेनात दीड मिलिलिटर हवा असेल तर ती मिलिलिटरच्या एक दशांशाएवढी शाई पुढे ढकलणार. म्हणजे दोन थेंब. पिढ्यान्‌पिढ्या ज्या डागाची भीती घातली जाते तो हा दोन थेंबांचा डाग. पेन गच्च भरलेलं असेल तर आत हवाच नाही, मग फुगणार काय? आणि निब वर ठेवून पेन खिशाला लावलं असेल तर हवा निबकडे असते, ती तिथूनच निघून जाते आणि शाई तळाशी स्वस्थ बसते. म्हणजे करायचं काय, तर रिकामं होत आलेलं पेन आडवं किंवा उलटं टाकून उन्हात हिंडायचं नाही. एवढी एक गोष्ट पाळायची नाही म्हणून दोन जिल्ह्यांनी पेनं कपाटात ठेवली!

बरं, उन्हाचं कौतुक फक्त आपल्यालाच आहे का? या देशात हाताने घडवलेल्या शाईपेनांचं नाव निघालं की पहिलं गाव येतं राजमहेंद्री. तिथल्या रत्नम यांच्या स्वदेशी पेनाबद्दल गांधीजींनी १९३५ साली त्यांना पत्र लिहिलं. हे राजमहेंद्री गोदावरीकाठी, आंध्रात आहे, हिमालयात नाही. तिथला उन्हाळा घामाने भिजवून काढतो, तरी तिथे पेनं बनली, विकली गेली आणि लोकांनी ती खिशाला लावली. या कारागिरांचं आवडतं साहित्य एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. त्याच्या जाड खोडातून हाताची उष्णता सहजासहजी आत जात नाही. पातळ धातूच्या खोडात थेट शाई भरली तर ती लगेच तापते. तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात घ्यायचं तर जाड खोडाचं पेन घ्यावं, नाहीतर आत छोटी ओढनळी (कन्व्हर्टर) असलेलं. ओढनळीत शाई थोडी मावते आणि हवाही थोडीच. एबोनाइट मात्र सतत उन्हात राहिलं तर तपकिरी पडतं, ते खिडकीत ठेवू नये.

आणि ज्याच्या नावाने एवढा गजर चालतो ते बॉलपेन उन्हात काय करतं? मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर दोन तास विसरून बघा. रिफिलमधली तेलकट शाई पातळ होते, टोकाला गोळा येतो, कधी मागूनही वाहते. तो डाग कपड्यातून काढायला काय काय करावं लागतं ते घरातल्या बाईमाणसांना विचारा. शाईपेनातली साधी रॉयल ब्ल्यू दोन-तीन धुण्यांत जाते. ज्या जिल्ह्यात केळीच्या चिकाचे डाग घेऊन माणसं लग्नाच्या पंगतीला बसतात, आणि तो डाग कापड फाटेपर्यंत जात नाही हे पोरासोरांना ठाऊक आहे, तिथल्या माणसाने शाईच्या ठिपक्याला घाबरावं?

खरं सांगायचं तर खान्देशात शाईपेनाचा त्रास गळण्याचा नाहीच, सुकण्याचा आहे. एप्रिलच्या कोरड्या हवेत टोपण नीट बसत नसेल तर एका रात्रीत निब वाळते आणि सकाळी पहिली दोन अक्षरं उमटत नाहीत. यावर उपाय दुकानातच करायचा. टोपण काढा, ओठांना लावा आणि हवा ओढून बघा. ते ओठाला चिकटून राहिलं तर घ्या, हवा सरळ आली तर परत करा. दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे. दौतीतली शाई उन्हाळ्यात घट्ट झाली तर तीत डिस्टिल्ड पाण्याचे चार थेंब टाकावेत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आणलेलं पाणी आपल्याकडे घरोघरी असतं, तेच चालतं. बोअरचं क्षाराचं पाणी घालू नका.

आता पैशाचं. शाईपेन महाग, ही अफवा पसरवायला बॉलपेनवाले कमी पडले म्हणून की काय, शौकिनांनी हातभार लावला. हे आमच्याच बाजूचे लोक, पण यांच्याइतकं नुकसान दुसऱ्या कोणी केलेलं नाही. जर्मन पेन, जपानी शाई, सोन्याची निब, चमकी घातलेल्या शाया, आणि प्रत्येकाची किंमत ऐकताना आपण सराफ बाजारात उभे आहोत असं वाटावं. चार हजारांच्या आतलं पेन हे पेनच नव्हे असं ते अगदी गंभीरपणे सांगतात. त्यांना विचारावंसं वाटतं, की बाबांनो, त्या पेनाने तुम्ही लिहिलंत काय? बहुतेक वेळा उत्तर एकच: पेनाचं नाव, शाईचं नाव आणि तारीख! चमकीची शाई निबेमागच्या जिभेत अडकते आणि मग हेच लोक पेन कसं धुवावं यावर तासभर बोलतात. हे ऐकून साधा माणूस घाबरला तर त्याचं काय चुकलं?

वस्तुस्थिती अगदी साधी आहे. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुड्या आणि वड्या करायला सुरुवात केली, त्यातून कॅम्लिन उभी राहिली. स्वदेशीच्या दिवसांत परदेशी शाईला तोंड देत बंगालमध्ये सुलेखा निघाली ती १९३४ ची. ही शाई कोणा रावसाहेबासाठी बनली नव्हती, शाळेतल्या पोरांसाठी आणि कचेरीतल्या कारकुनांसाठी बनली होती. कॅम्लिनची ६० मिलिलिटरची दौत आजही पन्नासच्या आत येते. ओढनळीत सुमारे एक मिलिलिटर शाई मावते असं धरा आणि आठवड्याला एकदा भरा, साठ आठवडे झाले. वर्ष उलटून दोन महिने वर. दोनशे रुपयांच्या आत नीट लिहिणारं देशी किंवा चिनी पेन मिळतं, आणि सांभाळलं तर ते दहा वर्षं चालतं. तेवढ्या काळात बॉलपेनांचा किती ढीग कचऱ्यात जातो, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. मग महाग कोणतं?

पाण्याने पुसली जाते, हा आरोप तर अज्ञानाचा नमुना आहे. शाई एकच असते असं समजणारे लोक रंग मात्र सहा प्रकारचे मागतात. रॉयल ब्ल्यू धुतली की जावी अशीच बनवलेली असते, शाळकरी पोरांच्या सदऱ्यांसाठी. कामाच्या कागदाला तिच्याऐवजी पर्मनंट ब्ल्यू किंवा पर्मनंट ब्लॅक घ्यावी, बाटलीवर तसं छापलेलं असतं. त्याहून पक्की हवी असेल तर रंगकणांची किंवा लोहाची शाई मिळते. लोहाची शाई म्हणजे माजूफळातला तुरटपणा आणि हिराकस यांचा संयोग. ती कागदात मुरते आणि हवेत काळी पडत जाते. ब्रिटनमधली लग्नाची रजिस्टरं पिढ्यान्‌पिढ्या असल्या शाईने भरली गेली. आणि हो, काही जेल पेनांनी लिहिलेल्या कागदावर एकदा पाणी सांडून बघा, मग शाईपेनाला नावं ठेवा.

टिकण्याचीच गोष्ट काढलीत तर धुळ्याच्या माणसाने ती काढूच नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरून आणि बासनांतून जी दप्तरं शोधून काढली ती काजळीच्या शाईने लिहिलेली. काजळी म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन. त्याला ऊन फिकट करत नाही. वाळवी कागद खाते, पण शाई उडत नाही. उलट तुमच्या एटीएमच्या चिठ्ठीचं काय होतं? पाकिटात महिनाभर राहिली की कोरी, उन्हात राहिली की काळी. तरी कोणी म्हणत नाही की एटीएम नालायक आहे. एक इशारा मात्र द्यायला हवा, कारण जुन्याच्या प्रेमात पडलेले उत्साही लोक हा घोटाळा करतात: काजळीची किंवा चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई शाईपेनात भरायची नाही. ती बोरूला आणि टाकाला ठीक. पेनाच्या जिभेत ती वाळली की पेन कायमचं गेलं.

आता मुख्य आरोप, शौकाचा. चांगलं पेन, चांगली शाई निवडत बसणं हा म्हणे नखरा, लिहिणारा कशानेही लिहितो. याला दाखला दिला जातो आमच्याच अमळनेरच्या साने गुरुजींचा. 'श्यामची आई' त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच रात्रींत लिहिली, तिथे कुठलं आलंय निवडक पेन? कबूल. तुरुंगात मिळेल त्यावर भागवावं लागतं. पण आपण तुरुंगात आहोत का? तुरुंगातल्या भाकरीवरही माणूस जगतो, म्हणून कोणी घरात तशी भाकरी मागत नाही.

आणि साधेपणाचाच दाखला हवा असेल तर धुळ्यातच आणखी एक जागा आहे, श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी मठांतून गोळा केलेल्या हस्तलिखितांचा तो ठेवा. समर्थांच्या हातचं म्हणून ओळखलं जाणारं वाल्मीकि रामायण तिथेच आहे. अंगावर छाटी आणि हातात कुबडी घेऊन देशभर हिंडलेला हा विरक्त माणूस. त्याच्यापेक्षा साधा कोण दाखवणार तुम्ही? त्या माणसाने दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास कशाला दिला आहे? लेखनक्रियेला! अक्षर वाटोळं आणि सुटं कसं असावं, ओळी सरळ कशा राखाव्यात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच हात कसा दिसावा, हे सगळं तिथे बारकाईने सांगितलं आहे. कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडा, म्हणजे कडा झिजल्या तरी अक्षराला धक्का लागणार नाही, हेही आहे. आणि देशोदेशीचे बोरू आणावेत, घट्ट, बारीक आणि सरळ निवडून घ्यावेत, असंही आहे. निवडून! जग सोडलेला माणूस लेखणी निवडायला सांगतो, आणि आम्ही? गृहकर्जाचे हप्ते भरणारे, मोबाइलच्या कव्हराचा रंग ठरवायला अर्धा तास घालवणारे आम्ही, पेन निवडण्याला नखरा म्हणतो. समर्थांना शौकीन म्हणायची तयारी असेल तर मला खुशाल म्हणा.

वह्यांवर शाई फुटते, हे मात्र दुकानातल्या निम्म्या वह्यांबाबत खरं आहे. कागदाला खळ कमी असली की शाई तंतूंतून पसरते आणि मागच्या पानावर उमटते. पण मग दोष पेनाचा की कागदाचा? वही घेताना शेवटच्या पानावर पेनाने एक टिंब द्या आणि तीनपर्यंत मोजा. टिंबाला मिशा फुटल्या तर वही ठेवून द्या. त्याच कागदावर लिहायची वेळ आली तर बारीक निब वापरा. देवनागरीला तशीही बारीक किंवा मध्यम निबच मानवते. जाड निबेने 'भ' आणि 'ध' यांच्या गाठी बुजतात, 'क्ष' चा काळा ठिपका होतो, आणि अनुस्वार कोणत्या अक्षरावर आहे हे वाचणाऱ्याने अंदाजाने ठरवायचं. रोमन लिपीच्या शौकिनांनी जाड निबेची केलेली स्तुती ऐकून मराठी माणूस ती घेतो आणि मग शाईपेनाला शिव्या देतो. आमच्या बाजूचा आणखी एक दावा मला अजिबात मान्य नाही, तो म्हणजे शाईपेनाने अक्षर सुधारतं. अक्षर सरावाने सुधारतं. पेन फार तर आडवं येत नाही.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. पेन भरायला एक मिनिट लागतं, महिन्यातून एकदा अर्ध्या पेल्याभर पाण्यात धुवायला पाच मिनिटं. दोन-तीन दिवसांआड नळ येणाऱ्या गावात पेन धुवायला पाणी कुठून आणायचं, असा टोमणा मला एकाने मारला होता. तो रोज गाडी पाइपाने धुतो.

बॉलपेनाला एक गोष्ट सोडून देतो. बिलबुकात कार्बन घालून तीन प्रती काढायच्या असतील तर दाब लागतो, तिथे शाईपेन चालत नाही. दाणा बाजारातल्या अडत्याने पावत्या बॉलपेनानेच फाडाव्यात. पण लक्ष्मीपूजनाला तोच अडती नव्या चोपडीवर पहिलं अक्षर काढताना पेन शोधत बसतो आणि शेवटी तेच बॉलपेन झटकून कुंकू वाहतो, हे बघवत नाही.

राहिला हुकमाचा एक्का. हल्ली लिहितंच कोण? धुळ्याच्या किंवा जळगावच्या कुठल्याही अभ्यासिकेत रात्री दहाला डोकावून या. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे. पर्यायांपुढचे गोळे काळे करायचे दिवस गेले. आता तासन्‌तास हाताने उत्तरं लिहायची आहेत, आणि ती पोरं बॉलपेन कागदात रुतवून, बोटं चोळत, मान वाकडी करून लिहिताहेत. बॉलपेनाला दाब लागतो, कारण टोकावरची गोळी फिरवावी लागते. शाईपेनाची निब कागदाला नुसती टेकली की फटीतून शाई आपणहून उतरते. दहावी-बारावीची पोरं, वकील, रोज पन्नास चिठ्ठ्या खरडणारे डॉक्टर, टिपणं काढणारे प्राध्यापक, तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत शेरे मारणारे सगळे. लिहितं कोण, असं विचारणाऱ्यांना या माणसांचे हात दिसत नाहीत का? हिरव्या शाईच्या सहीचा रुबाब करणाऱ्या साहेबाला शाईपेन शोभतं आणि रोज तीस पानं लिहिणाऱ्या पोराला ते चैन ठरतं, हा न्याय कुठला? सहीला दोन सेकंद लागतात, तिथे कुठलंही पेन चालेल. ज्याला तीन तास लिहायचं आहे त्याला शाईपेन लागतं. आपण नेमकं उलटं करून ठेवलं आहे.

तेव्हा स्टेशनरीच्या दुकानात गेलात तर मखमली डबी मागू नका. दौत मागा, दोनशेच्या आतलं पेन मागा, टोपण ओठांना लावून बघा. दुकानदार 'कोन वापरस' म्हणाला तर 'मी वापरतो' म्हणा, चार गिऱ्हाइकांनी असं म्हटलं की पाचव्या वेळी माल दुकानात असेल. आणि उन्हाळा सरायची वाट बघत बसू नका. पेन भरलेलं ठेवा, निब वर ठेवा आणि लिहायला लागा.